शकुंतलेचं डिझेल इंजिन भंगारात काढू नका, आम्हाला ते चालतं हवं आहे

प्रति,
रेल्वे बोर्ड, रेल्वेचा वारसा सांभाळणारे अधिकारी आणि वऱ्हाडातले लोकप्रतिनिधी यांस

सविनय नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातला माणूस. ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, डिझेल पंप दुरुस्त करायचं माझं छोटं गॅरेज आहे. वडील शकुंतलेच्या, म्हणजे वऱ्हाडातल्या छोट्या नॅरोगेज रेल्वेच्या, लाइनवर गँगमन होते. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा. त्या स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे खांद्यावर पाना आणि हातोडा घेऊन त्यांची नोकरी गेली, आणि त्यांचा जेवणाचा डबा घेऊन रुळांच्या कडेनं चालत माझं लहानपण गेलं. हे पत्र कोणाची तक्रार करून अद्दल घडवायला लिहीत नाही. पण गप्प बसलो तर आणखी वर्षा-दोन वर्षांत मागण्यासारखं काही उरणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

काही दिवसांपूर्वी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला. अर्ज एवढाच होता की ठिकठिकाणचे नॅरोगेज मार्ग बंद झाल्यावर जी डिझेल इंजिनं मोकळी झाली, त्यांतलं एक शकुंतलेसाठी राखून ठेवावं, दुरुस्त करावं आणि या लाइनच्या एखाद्या तुकड्यावर वारसा गाडी म्हणून चालवावं. साहेब म्हणाले, "वाफेचं इंजिन मागितलं असतं तर वारसा म्हणून विचार झाला असता. डिझेल म्हणजे भंगार हो. फार तर एखादं रंगवून चबुतऱ्यावर ठेवता येईल."

त्या दोन वाक्यांना हे उत्तर आहे.

शकुंतला म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी अडीच फुटी रुळांची ही लाइन टाकली गेली. मूर्तिजापूर हे मधलं जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारा, सुमारे ११३ किलोमीटरचा. दुसरा उत्तरेला बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जाणारा, पंचाहत्तरेक किलोमीटरचा. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही वाट कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी सरकारी, नोकर सरकारी, रूळ मात्र कंपनीचे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं आणि त्याच्या जागी डिझेल आलं.

आजवर शकुंतलेबद्दल छापून आलेलं बहुतेक सगळं इथे संपतं. ब्रिटिश कंपनी, मँचेस्टरचं इंजिन, सत्तर वर्षांची सेवा, आणि मग एका ओळीत, डिझेल आलं. आमची गोष्ट त्या ओळीनंतर सुरू होते.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. डिझेल पहिल्यांदा बनोश्याला आलं तेव्हा वडिलांनी मला सायकलवर पुढे बसवून नेलं. म्हातारी माणसं वाफेच्या इंजिनासाठी हळहळत होती, ते खरंच आहे. पण वडील हळहळले नाहीत. म्हणाले, "पोट्ट्या, आता पाण्यासाठी थांबा लागत नाई." त्या वाक्यात किती अर्थ होता ते मला फार उशिरा कळलं. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी जनावरं नीट पीत नाहीत, पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडते. असलं पाणी बॉयलरमध्ये घातलं की आत क्षार धरतो, नळ्या बसतात. दुष्काळी भागात रोज टाकीभर गोडं पाणी वाफेसाठी लावणं ही चैन होती. ती चैन डिझेलनं संपवली आणि गाडी पुढची वीसेक वर्षं चालू ठेवली. १९९४ नंतर जन्मलेल्या कोणीही शकुंतलेला वाफेवर चालताना पाहिलेलं नाही. त्यांची शकुंतला म्हणजे डिझेलचा भोंगा, लोखंड तापल्याचा वास आणि फाटकाशी थांबलेली गाडी. फाटकवाला नसायचाच. गाडीतलाच माणूस उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे निघायची, मग तोच फाटक उघडून पळत गाडीत चढायचा. अंजनगावच्या पानमळ्यांतली विड्याची पानं, अचलपूरकडची संत्री, बाजाराच्या टोपल्या, शाळेची पोरं, आजारी म्हातारे हे सगळं त्या डिझेलनं ओढलं आहे. तो वारसा नसेल तर कशाला म्हणायचं?

माझ्यापुरतं सांगायचं तर ते इंजिन बघूनच मी हा धंदा धरला. ड्रायव्हरकाका सकाळी इंजिन सुरू करायचे तेव्हा मी शेजारी उभा राहून कान लावायचो. आज गॅरेजमध्ये एखाद्या ट्रॅक्टरचं डिझेल फवारणारं एक नोझल कमी मारत असेल तर मला आवाजावरून कळतं. ते शिकलो तिथे.

आता साहेबांच्या पहिल्या वाक्याबद्दल. डिझेल वारसा नाही हे कोणी ठरवलं? कालका–शिमला मार्गाला युनेस्कोनं २००८ साली जागतिक वारसा म्हटलं. आपल्या शकुंतलेचं आणि त्या मार्गाचं गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, एकच, ७६२ मिलिमीटर. तिथल्या रोजच्या गाड्या डिझेल इंजिनच ओढतं. युनेस्कोला ते खटकलं नाही. मध्य प्रदेशात महू–खंडवा मीटरगेजचं ब्रॉडगेज करायचं ठरलं तेव्हा पातालपानी ते कालाकुंड हा जेमतेम दहा किलोमीटरचा घाटाचा तुकडा वेगळा काढून ठेवला आणि २५ डिसेंबर २०१८ पासून तिथे वारसा गाडी सुरू झाली. तिलाही डिझेल इंजिनच जोडलं. गुजरातमधली बिलिमोरा–वघई ही आपल्याच गेजची लाइन बंद करायच्या यादीत होती. ती वारसा म्हणून वाचवली आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. म्हणजे रेल्वेला हे करता येतं आणि रेल्वेनं ते केलेलं आहे. मग वऱ्हाडात तोच नियम वेगळा का?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चित्तरंजनच्या कारखान्यातून वाफेचं शेवटचं इंजिन १९७२ साली बाहेर पडलं. त्याच सुमारापासून तिथेच छोट्या गेजची झेडडीएम डिझेल इंजिनं बनली. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हीला चालणारं. आपल्या देशातल्या कामगारांनी, आपल्या देशातल्या कारखान्यात बनवलेली ती यंत्रं आहेत. त्या काळातल्या चित्तरंजनच्या शंटिंग इंजिनांत तर मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याच्या नावानं ओळखलं जाणारं, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारं सुरी ट्रान्समिशन बसवलेलं असे. मँचेस्टरहून आलेलं इंजिन जपायचं आणि चित्तरंजनचं तोडायला द्यायचं, हा हिशेब मला समजत नाही. आता तर सगळीकडे विजेची इंजिनं आली. आज डिझेल तिथेच उभं आहे, जिथे १९९४ साली वाफ उभी होती. वाफेच्या वेळी आपण पुष्कळ इंजिनं तोडून झाल्यावर जागे झालो. या वेळी आधीच जागं होण्याची संधी आहे.

दुसरं वाक्य चबुतऱ्याचं. याबद्दल एक कारागीर म्हणून जास्त बोलणार आहे, राग नसावा.

आमच्या भागात विजेचे पंप आले तेव्हा शेतकऱ्यांनी ऑइल इंजिनं बाजूला ठेवली. काही जणांनी ती दर हंगामात एकदा तरी चालवली. त्यांची इंजिनं आजही एका हँडलला सुरू होतात. काही जणांनी बाभळीखाली ठेवून दिली. ती दोन पावसाळ्यांनी माझ्याकडे आली तेव्हा पिस्टन लायनरला धरलेला होता, रिंगा चिकटल्या होत्या, हलवायला गेलं तर आवाजही नाही. बंद डिझेल इंजिनाला आतून गंज लागतो. टाकीत उरलेल्या डिझेलमध्ये पाणी सुटतं आणि ते पंपात उतरतं. नोझल अडकतात. रबरी सील कडक होऊन चिरतात. इंजिन गार ठेवणाऱ्या जॅकेटमधलं पाणी कोणी काढलेलं नसतं. बॅटऱ्या पहिल्याच वर्षी मरतात, वायरिंग उंदीर खातात आणि जिथे तांबं आहे तिथे चोर येतात. रेल्वेचं इंजिन मोठं असलं तरी याला अपवाद नाही. तुम्ही वरून रंग मारून, कुंपण घालून, फलक लावून उद्घाटन कराल. पाच वर्षांनी कुंपणाच्या आत गाजर गवत वाढलेलं असेल, आणि इंजिनाच्या नावानं उभं असेल ते नुसतं पत्र्याचं खोकं. ते आमच्या पोरांना दाखवून काय सांगायचं?

चालतं इंजिन वेगळं असतं. त्याला रोज नाही तरी महिन्यातून एकदा सुरू करावं लागतं, तेल बदलावं लागतं, गळती बघावी लागते, आणि त्या निमित्तानं चार माणसांच्या हाताला ते काम येत राहतं. शकुंतलेच्या डिझेलवर काम केलेले ड्रायव्हर, असिस्टंट, फिटर अजून आहेत. काही निवृत्त होऊन गावाकडे आलेत, काहींची बदली झाली. पाच-दहा वर्षांनी ते नसतील, किंवा हात चालणार नाहीत. कुठल्या चढावर किती नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, द्यायचा, पावसात चाक घसरायला लागलं की वाळू कधी सोडायची, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते त्यांच्या मनगटात आहे.

काही मंडळी म्हणतात, माथेरानचं जुनं डिझेल आणा. प्रेमानं म्हणतात, पण ते होणार नाही. माथेरानचं गेज दोन फुटी, आपलं अडीच फुटी. अर्ध्या फुटाचा फरक आहे, तिथलं इंजिन इथल्या रुळावर उभंच राहणार नाही. आपल्याला हवं ते अडीच फुटी. ते नागपूर–नागभीडसारख्या ब्रॉडगेजसाठी बंद झालेल्या मार्गांवरून मोकळं झालेल्या इंजिनांत शोधता येईल. कालका–शिमला मार्गावर याच गेजची डिझेल इंजिनं अजून रोज चालतात. म्हणजे सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि जाणकार हात रेल्वेच्याच घरात आहेत. यासाठी परदेशात जावं लागत नाही.

आता जे थेट विचारलं जाईल त्याबद्दल. "तुम्हाला ब्रॉडगेज नको का?" हवं आहे. मनापासून हवं आहे. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या लाइनच्या ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींच्या मंजुरीची बातमी आली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. अचलपूरहून रात्री निघालेला रोगी सकाळी मोठ्या दवाखान्यात पोचावा, पोरांना शिकायला जाता यावं, संत्री दूरच्या बाजारात जावीत, हे कोणाला नको असेल? तिकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, त्याचा आनंद आम्हालाही झाला. मी ब्रॉडगेजच्या वाटेत झोपणार नाही. पण ब्रॉडगेजसाठी शेवटचा स्लीपरसुद्धा उखडलाच पाहिजे असं नाही. नवी लाइन टाकताना वळणं सरळ होतात, गावाबाहेरून वाट निघते, जुने तुकडे बाजूला पडतात. त्यांतला एक तुकडा राखायचा की नाही, हे रूळ उचलण्याआधी ठरवावं लागतं. नंतर ठरवायला जमीनच हातात राहत नाही.

मालकीचा मुद्दाही नेहमी पुढे केला जातो. कंपनीशी करार आहे, वाद आहे, म्हणून काही करता येत नाही. कराराचं तुम्ही बघा, ते आमच्या आवाक्यातलं नाही. पण वाद असेल तर तो रुळांचा. मोकळी पडलेली डिझेल इंजिनं रेल्वेचीच आहेत. त्यांतलं एक वाचवायला कोणाची परवानगी लागते?

आणखी एक दुखणं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर जास्त लिहिलं तर राग येईल. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं चांगलं संग्रहालय आहे. मी मुलांना घेऊन गेलो आहे आणि पुन्हा जाईन. पण अचलपूर, अंजनगाव, कारंजा, दारव्ह्याच्या लोकांची गाडी आहे ना ही? तिची प्रत्येक वस्तू उचलून मोठ्या शहरात का न्यायची? अचलपूर ही वऱ्हाडाची जुनी राजधानी. शेजारी परतवाडा, वर चिखलदरा आणि मेळघाट. दर मोसमात हजारो लोक या वाटेनं वर जातात. त्यांच्यातल्या थोड्यांनी जरी अर्धा दिवस खाली थांबून एक छोटी गाडी बघितली, तिच्यातून आठ-दहा किलोमीटर फिरले, तर चहावाल्यापासून संत्रेवाल्यापर्यंत चार घरं चालतील. कारंजाला नृसिंह सरस्वतींच्या दर्शनाला येणारे भाविक आहेत. जागा कुठली निवडायची ते तुमचे अभियंते ठरवतील. माझा कल अचलपूरकडे आहे, कारण मी त्या बाजूचा आहे. यवतमाळकरांनी दारव्हा किंवा कारंजा मागितलं तर मी भांडणार नाही.

म्हणून मागण्या लिहितो.

७६२ मिलिमीटर गेजची जी झेडडीएम इंजिनं सेवेतून निघाली आहेत किंवा निघणार आहेत, त्यांची यादी जाहीर करा, आणि निर्णय होईपर्यंत त्यांतलं एकही तोडायला देऊ नका. दोन इंजिनं शकुंतलेसाठी लेखी राखून ठेवा. एक चालवायला, दुसरं सुट्या भागांसाठी. शक्य असेल तर या लाइनवर चाललेलंच द्या. नसेल तर त्याच जातीचं चालेल, पण आमच्या गाडीला होता तो रंग द्या, भलते झगझगीत पट्टे नकोत. सोबत डबे हवेत. हे लोक विसरतात. इंजिन वाचवलं आणि डबे विकले तर गाडी होत नाही.

ब्रॉडगेजच्या आराखड्यातच एक जुना तुकडा, त्यावरचं एक स्टेशन आणि एक पूल किंवा मोरी वारसा म्हणून वेगळी दाखवा. तिथे चारही बाजूंनी बंद, छप्पर असलेली शेड बांधा, खाली काम करायला पिट ठेवा. चबुतरा नको.

निवृत्त कर्मचाऱ्यांना बोलवा. मानधन द्या, त्यांचं ऐकून लिहून घ्या, चित्रीकरण करा, आणि त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेली आमची पोरं द्या. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापुरात डिझेल मेकॅनिक होऊन पुण्याला निघालेली कितीतरी पोरं मला माहीत आहेत. त्यांतली चार-सहा इथेच थांबतील.

आणि लोकप्रतिनिधींना वेगळं सांगतो. तुमच्यातले बरेच जण लहानपणी या गाडीत बसलेत. निवडणुकीच्या सभेत तुम्ही शकुंतलेचं नाव घेता. आता ते नाव या एका इंजिनाच्या फायलीवर लिहा आणि पाठपुरावा करा.

या पत्राला लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. नकार असेल तर कारणासह नकार द्या. "विचाराधीन आहे" हे उत्तर देऊ नका. पावसाळा जवळ आला की उघड्यावरचं प्रत्येक इंजिन आणखी एक वर्ष मागे जातं.

इंजिन कुठल्या शेडमध्ये उभं आहे एवढं कळवलंत तरी पुरे. मी आणि माझ्या गॅरेजमधली दोन पोरं स्वतःच्या खर्चानं तिथे येतो. जॅकेटमधलं पाणी काढून, टाकी रिकामी करून, नोझल काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून, क्रँक हातानं फिरवून ठेवतो. परवानगी फक्त तुमची हवी.

आपला,
शकुंतलेच्या गँगमनचा मुलगा,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती